पेन्सिलीआधी पाय : बालवाड्या चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बालवाड्या, शिशुवर्ग आणि केजीचे वर्ग चालवणारे सर्व संस्थाचालक व मुख्याध्यापिका यांस

सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की तुमच्या शाळांची माहितीपत्रकं घरोघर पोचतात. मी ती जमवते आणि नीट वाचते. फोनिक्स, ॲबॅकस, डिजिटल फळा, वातानुकूलित वर्ग, सीसीटीव्ही, सगळ्याची नोंद असते. साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज चढायला, उड्या मारायला, तोल सावरायला किती वेळ मिळणार आणि त्यासाठी जागा किती, याची नोंद फार थोड्या पत्रकांत सापडते. खेळाचा तास असतो, पण आठवड्यातून दोनदा, आणि गॅदरिंग जवळ आलं की तोही नाचाच्या तालमीला जातो. कित्येक ठिकाणी इमारतीपुढची मोकळी जागा गाड्या लावायला दिलेली असते. मुलं वरच्या मजल्यावरच्या वर्गातून उतरतात आणि थेट व्हॅनमध्ये बसतात.

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. नोकरीचा सगळा काळ याच वयाच्या मुलांमध्ये गेला. तुमच्याकडे एकच मागणं आहे : या मुलांना रोज किमान एक तास अंगाने शिकू द्या. तोलाचे, चढण्या-उतरण्याचे, लंगडीचे, उड्यांचे खेळ वेळापत्रकात अभ्यास म्हणून घ्या, ताज्या वेळेला घ्या आणि कुठल्याही कारणाने ते कापू नका.

हे मागणं कशाच्या जोरावर करते आहे, ते सविस्तर सांगते.

बागेतल्या वाफ्याच्या विटांवरून एखादं मूल हात पसरून चालतं, तेव्हा त्याच्या आत काय चाललेलं असतं ते आधी पाहू. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. पहिली येते कानाच्या आतून. तिथे दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि डोकं कुठे, किती वेगाने वळलं ते कळतं. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियमचे बारीक स्फटिक असतात. मान कलली, झोका पुढे गेला, लिफ्ट खाली निघाली की ते सरकतात. दुसरी खबर स्नायू आणि सांध्यांची : घोटा किती वळला, गुडघा किती वाकला, तळव्याच्या कुठल्या भागावर भार आला. तिसरी डोळ्यांची. तिन्ही जुळल्या तर पाऊल सरळ पडतं. जुळल्या नाहीत तर कुणाचं ऐकायचं हे मेंदूला ठरवावं लागतं, आणि ते त्याला जन्मतः येत नाही. करून करूनच येतं.

लहान मुलं सुरुवातीला डोळ्यांवर फार विसंबतात. डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन या संशोधकांनी १९७४ मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक खोली अशी केली की जमीन स्थिर, पण भिंती मात्र सरकवता येतील. नुकतीच उभी राहायला लागलेली तेरा ते सोळा महिन्यांची मुलं त्यात उभी केली आणि समोरची भिंत हळूच त्यांच्याकडे आणली. पायाखालची फरशी तसूभरही हलली नव्हती, तरी मुलं मागे झुकली, काही तर पडली. डोळ्यांनी सांगितलं की आपण पुढे कलतो आहोत, आणि पायांचं न ऐकता शरीराने डोळ्यांचं ऐकलं.

पुढे १९८५ मध्ये ॲन शमवे-कुक आणि मार्जोरी वूलाकॉट यांनी हलणाऱ्या फळीवर वेगवेगळ्या वयाच्या मुलांना उभं करून त्यांचा तोल मोजला. त्यांना आढळलेली गोष्ट आपल्या कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सात ते दहा वर्षांची मुलं जवळजवळ मोठ्या माणसांसारखी सावरत होती. चार ते सहा वर्षांच्या मुलांचं सावरणं मात्र त्यांच्याहून लहान मुलांपेक्षाही संथ आणि दर वेळी वेगळं होतं. म्हणजे या वयात शरीर जुनी रीत सोडून नवी रीत शिकत असतं. डोळे, कान आणि सांधे यांचा मेळ नव्याने बसवत असतं. तुमच्याच शाळेत करून पाहता येईल. मोठ्या शिशुतल्या मुलाला एका पायावर उभं राहायला सांगा. डोळे उघडे असतील तर काही सेकंद छान उभं राहील. मग डोळे मिटायला सांगा. बहुतेकांचा दुसरा पाय लगेच जमिनीला टेकतो.

हा मेळ बसण्याची जी वर्षं, चौथं, पाचवं, सहावं, नेमकी तीच आपण मुलांना बाकावर बसवण्यात घालवतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे आपल्या वर्गांतलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असावं, याचं मला खरंच दुःख होतं. बरं, ज्या मुलाला स्थिर बसता येत नाही म्हणून आपण ते वाक्य म्हणतो, त्याला स्थिर बसायला शिकण्यासाठीच तर आधी हालचाल हवी असते. ताठ बसणं हेही तोलाचंच काम आहे. पाठीचे, पोटाचे स्नायू थकले की मूल बाकावर आडवं होतं, पाय दुमडून बसतं, खुर्ची मागे झुलवतं. आपण त्याला शिस्तीचा प्रश्न समजतो.

आता पडण्याविषयी. तुमची पहिली काळजी तीच असणार, आणि ती रास्त आहे.

न्यूयॉर्कच्या कॅरन ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावलं मोजून प्रसिद्ध केली. मोकळं खेळताना मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. तासाला सतरा वेळा! आणि चालणं सोडत नाही. याच ॲडॉल्फबाईंचं उतारांवरचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. रांगणारी मुलं काही आठवड्यांत शिकतात की कुठला उतार आपल्याला झेपेल आणि कुठल्या उताराच्या टोकाशी थांबायचं. तीच मुलं चालायला लागली की पुन्हा त्याच धोक्याच्या उतारावर बेधडक पाय टाकतात. रांगताना कमावलेली समज चालताना उपयोगी पडत नाही, ती नव्या उंचीवरून, नव्या तोलाने, पहिल्यापासून कमवावी लागते.

याचा अर्थ तुमच्या-माझ्यासाठी असा की ‘मला काय झेपेल’ ही समज बाहेरून सांगून देता येत नाही. ‘जपून’, ‘पडशील’, ‘खाली उतर’ या शब्दांनी ती येत नाही. रुंद फळीवरून चाललेलं मूल अरुंद फळीपाशी येऊन थबकतं, एक पाय ठेवून दाबून पाहतं, मागे घेतं, रांगेतून बाजूला होतं, दुसऱ्याचं बघतं आणि काही दिवसांनी आपण होऊन परत येतं. त्या थबकण्यात ते स्वतःला मोजत असतं. माझ्या मते तोलाच्या खेळांतून मूल शिकतं त्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. पायऱ्या, गच्चीचे कठडे, विहिरीचे काठ, रस्ता ओलांडणं, सायकल, पुढे मोटारसायकल, सगळीकडे हीच मोजणी लागते. ती ज्याला दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीवर करायला मिळाली नाही, त्याला ती दहा फुटांवर पहिल्यांदा करावी लागेल.

नॉर्वेतल्या एलन सँडसेटर यांनी मुलांच्या थरारक खेळांचा अभ्यास केला आहे. उंची, वेग, दंगामस्ती अशा खेळांत मूल भीतीशी थोडी थोडी ओळख करून घेतं आणि वयाला साजेशी भीती पार करत जातं, अशी मांडणी त्यांनी २०११ मध्ये लेफ केनेअर यांच्यासोबत केली. मला ती वर्गात रोज दिसते. घसरगुंडीच्या शिडीवर तिसऱ्या पायरीशी रडणारं मूल महिन्या-दोन महिन्यांत वरून हाक मारतं. मध्ये कुणी त्याला उचलून वर ठेवलेलं नसेल तरच. उचलून ठेवलेल्या मुलाला उतरता येत नाही, आणि वर भेदरून बसलेलं मूल बहुधा असंच कुणीतरी प्रेमाने चढवलेलं असतं. म्हणून माझी ताईंना विनंती असते की ज्या उंचीवर मूल स्वतः चढू शकत नाही तिथे त्याला ठेवू नका, आणि जिथे ते स्वतः चढलं आहे तिथून घाईने उतरवू नका. शेजारी उभ्या राहा. हात पुढे करा, पण धरायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. ‘पडशील’ऐवजी ‘आता पाय कुठे ठेवशील?’ असं विचारा. या प्रश्नाने मूल खाली बघतं, विचार करतं, पाय हलवतं. ‘पडशील’ म्हटलं की आपल्या तोंडाकडे बघतं, आणि नेमकं तेव्हाच घसरतं.

थांबता येणं हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे. मेंदूतून आलेली घाईची आज्ञा दाबून ठेवायची, नियम लक्षात ठेवायचा, नियम बदलला की आपणही बदलायचं, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं शाळकरी शिक्षण उभं असतं. लहान मुलांमधलं हे बळ मोजायला संशोधक एक खेळच वापरतात : ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की पायाला लावायचा आणि ‘पायाला’ म्हटलं की डोक्याला. आपल्याकडे हे सगळं आजीच्या काळापासून आहे. ‘चिमणी उड, कावळा उड’ म्हणता म्हणता मध्येच ‘म्हैस उड’ येते आणि बोट जमिनीवर दाबून ठेवावं लागतं. तळ्यात-मळ्यात खेळताना ‘मळ्यात’ ऐकल्यावर उडी मारायची, पण मळ्यातच उभं असलो तर जागचं हलायचं नाही. उडी मारायला पाय निघालेले असतात आणि त्यांना रोखायचं असतं. चार वर्षांच्या मुलाला हे किती अवघड जातं ते पाहा, आणि रोखता आलं की ते किती खूश होतं तेही पाहा. स्टॅच्यूच्या खेळात तर रोखणं आणि तोल दोन्ही एकत्र येतात : एक पाय हवेत असताना आवाज येतो आणि तसंच थिजायचं.

एक बारीकसा बदल मात्र सुचवते. यातले बरेच खेळ ‘आऊट’चे असतात. संगीत खुर्ची, तळ्यात-मळ्यात, स्टॅच्यू, जो चुकला तो बाहेर. मग काय होतं, ज्या मुलाला सरावाची सर्वांत जास्त गरज तेच सगळ्यात आधी भिंतीला टेकून बसतं आणि ज्याला आधीच येतं ते शेवटपर्यंत खेळतं. तीन ते सहा वयात कुणालाही बाहेर काढू नका. चुकलं तर एक गिरकी घे आणि परत ये, इतकंच पुरतं.

ठिकरीच्या चौकटी आखल्या की त्यात आणखी काय काय येतं! दगड टाकताना अंतराचा अंदाज, लंगडी घालताना एका पायाचा तोल, रेघेवर पाय पडू न देणं, उलट फिरताना हवेतल्या हवेत वळणं, वाकून ठिकरी उचलताना मागचा पाय वर धरणं. घरं मोजणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मैत्रिणीचा पाय रेघेवर पडला की नाही यावर भांडणं आणि भांडण मिटवून खेळ पुढे नेणं. अडथळ्यांच्या वाटेवर ‘दोरीखालून’, ‘टायरमधून’, ‘विटेवरून’, ‘बाकाच्या मागून’ हे शब्द मूल अंगाने अनुभवतं. वर्कशीटवर चेंडू टेबलाच्या वर की खाली यावर खूण करणाऱ्या मुलाला हे शब्द चित्रात भेटतात. टेबलाखालून सरपटताना डोकं आपटलेल्या मुलाला ते विसरता येत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तोलाच्या व्यायामाने गणित सुधारतं, अमुक हालचालीने उजवा मेंदू उघडतो, दोन्ही हातांनी आडवे आठ काढले की वाचन सुधारतं, असे दावे करून शाळांना संच विकणारी मंडळी तुमच्याकडे येत असतील. त्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. ज्या मुलांची हालचाल सफाईदार असते त्यांचा अभ्यासही बरा असतो असं अनेक पाहण्यांत दिसतं, पण एकामुळेच दुसरं घडतं असं त्यावरून म्हणता येत नाही. मी तुम्हाला गुणांचं आमिष दाखवणार नाही. मुलाला आपलं शरीर वापरता यावं, भीतीच्या काठावर उभं राहून निर्णय घेता यावा, थांबता यावं, पडून उठता यावं, हे स्वतःच शिक्षण आहे. त्याला मार्कांच्या शिफारशीची गरज नाही.

लिहिण्याविषयी मात्र थोडं बोललंच पाहिजे, कारण पालक तुमच्याकडे त्याचाच आग्रह धरतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चा असतात आणि एकेक करून कठीण होत जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी क्ष-किरण चित्रात त्यांतली साधारण तीन-चारच दिसतात, शेवटचं हाड तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान उमटतं. अशा हाताला आपण चार रेघांच्या वहीत पानभर अक्षरं काढायला लावतो. त्यात लिहिणं हे नुसत्या बोटांचं काम नसतं. बोटं मोकळी हलायला मनगट स्थिर लागतं, मनगटाला कोपराचा, कोपराला खांद्याचा आणि खांद्याला पाठीचा आधार लागतो. हे बळ येतं लोंबकळण्यातून, अस्वलासारखं हातापायांवर चालण्यातून, कुणीतरी पाय धरले असताना हातांवर चालण्यातून, दोरी ओढण्यातून, ओल्या मातीची भरलेली बादली उचलण्यातून. पेन्सिल इतकी घट्ट धरणारं मूल, की कागद फाटतो, ते बहुधा बोटांनी सगळा तोल सांभाळायला बघत असतं.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने कुणी शिकवायला नको. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या आणि १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. त्यांच्या बालघरात जमिनीवर लंबगोल रेघ आखलेली असते. मुलं त्या रेघेवरून टाच-चवडा जोडत चालतात, मग हातात पाण्याचा पेला घेऊन, मग वाजू न देता घंटी घेऊन. आपला लिंबू-चमचा तोच, फक्त आपण त्याची शर्यत करून टाकली आणि त्यातला संथपणा घालवला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गावातल्या, वाडीतल्या मुलांसाठी काम सुरू केलं. तिथून ते अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महाग साधनं तिथल्या आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. मग बिया, शिंपले, दगड, फांद्या हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात. झाडावर चढणाऱ्या, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जाणाऱ्या मुलांच्या शरीरात काय ज्ञान आहे, हे त्या दोघींनी ओळखलं होतं. आज शहरातल्या पंचवीस मजल्यांच्या सोसायटीत राहणारं मूल त्याबाबतीत खरोखर गरीब आहे. अंगण त्याच्या वाट्याला येतं ते फक्त तुमच्या शाळेत, तुम्ही दिलंत तर.

आणि फुगडी! दोघींनी हात कैचीत धरायचे, पावलं जुळवायची, मागे झुकायचं आणि फिरायचं. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. एकटीने मागे झुकलं तर पडणार, दोघींनी झुकलं तरच उभं राहता येतं. चक्कर येते ती कानातला द्रव अजून फिरत असतो म्हणून. थांबल्यावर जग फिरताना पाहून मुलं हसतात आणि पुन्हा हात धरतात. मंगळागौरीच्या निमित्ताने वर्षातून एकदा फोटोपुरती फुगडी घालण्याऐवजी ती रोजच्या खेळात आली तर किती बरं. मुलग्यांनाही घालू द्या. आणि मुलींना कृपा करून खाली पँट किंवा चड्डी असलेला गणवेश द्या. चार वर्षांच्या मुलीने झगा सावरत शिडीशी उभं राहायचं आणि मुलग्याने वर जायचं, हे चित्र गणवेशाच्या एका निर्णयाने बदलतं.

आता तुमच्या अडचणी. जागा नाही, असं तुम्ही सांगाल. तोलाच्या खेळांना मैदान लागत नाही. व्हरांड्यात गेरूने एक सरळ, एक नागमोडी आणि एक झिगझॅग रेघ मारा. दोन-अडीच मीटर लांबीच्या, गुळगुळीत रंधलेल्या दोन फळ्या आणा, एक वीतभर रुंद आणि एक त्याच्या निम्मी. सुरुवातीला त्या जमिनीवर ठेवा, पुढे दोन्ही टोकांखाली पक्का, न डुगडुगणारा आधार देऊन एका विटेइतक्या उंच करा. जुने टायर, जाड दोर, पोत्यात भरलेली वाळू, उलट्या ठेवलेल्या भक्कम लाकडी पेट्या, गोधड्यांची गुंडाळी. गोधडीवरून चालताना पायाखालचं हलतं, ते फरशीवर कधीच मिळत नाही. बूट-मोजे काढू द्या, तळव्याला जमीन कळली पाहिजे. काचा, खिळे, तापलेली फरशी तेवढी रोज सकाळी पाहून घ्यायची. आठवड्याला मांडणी बदलायची, आणि महत्त्वाचं म्हणजे मांडणी मुलांना करू द्यायची. मोठ्या शिशुतली मुलं स्वतः वाट रचायला लागली की ती तुमच्या-माझ्यापेक्षा अवघड रचतात.

इजा होईल, ही दुसरी अडचण. खरचटेल, टेंगूळ येईल. गंभीर इजेची कारणं बहुतेक वेळा ठाऊक असलेली असतात आणि टाळता येतात : उंच साधनाखाली सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक, सुटलेले नट, गंजलेल्या कडा, एका वेळी चढलेली फार मुलं, फोनमध्ये असलेली ताई. उंच साधनं असतील तर खाली खोल वाळू घाला आणि ती दडपली की उकरा. प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगा की आमच्याकडे मुलं चढतात, धावतात, कधी गुडघे फुटतात, आम्ही जवळ असतो. आधी सांगितलेलं खरचटणं पालक समजून घेतात. तरीही एखादे वडील फोन करतील. अशा वेळी तुमच्या ताईच्या पाठीशी तुम्ही उभे राहा. संस्था पाठीशी नसेल तर कुठलीही शिक्षिका मुलाला फळीवर चढू देणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

पालकांना लिखाण हवं असतं, ही तिसरी. त्यांना तुमच्याकडे भक्कम आधार दाखवता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते आठ ही वर्षं पायाभूत टप्पा मानतं आणि या वयाचं शिक्षण खेळावर, कृतीवर उभं असावं असं सांगतं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात शारीरिक विकास हे शिक्षणाचं स्वतंत्र क्षेत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. एका जागी जखडून सलग तासापेक्षा जास्त बसवू नये आणि पडद्यासमोर तासाहून अधिक वेळ नको. तुमच्या शाळेत मूल चार तास असेल, व्हॅनमध्ये एक तास आणि घरी मोबाइल, तर ही १८० मिनिटं कुठून येणार, हा प्रश्न पालकसभेत पालकांनाच विचारा. ते विचार करतात, असा माझा अनुभव आहे. शक्य असेल तर त्यांनाही फळीवरून चालायला लावा. एखादी आई लाजत चढते, मध्यावर डुगडुगते, हसते, आणि मग आपल्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघते.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधते, कारण त्यात उशीर परवडत नाही. रोज खेळताना पाहणाऱ्या ताईला जे दिसतं ते डॉक्टरलाही पाच मिनिटांत दिसत नाही. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहणारं मूल, सतत चवड्यांवर चालणारं मूल, एकाच बाजूचा हातपाय वापरणारं, आधी येत असलेली हालचाल हळूहळू विसरणारं, सारखं अडखळणारं मूल, यांच्या पालकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. मांड्यांवर हात टेकून उठणं हे स्नायूंच्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं. काही कर्णबधिर मुलांचा तोलही कच्चा असतो, कारण ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव कानात शेजारी शेजारी असतो. तोल फार डळमळतो तेव्हा ऐकणंही तपासून घ्यावं. अंगणवाड्यांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून तपासणी करतात. खासगी बालवाड्यांतलं मूल मात्र बरेचदा थेट पहिलीच्या वर्गात लक्षात येतं.

आणि ज्या मुलाला चालता येत नाही, पायाला आधाराचा कॅलिपर आहे, चाकाची खुर्ची आहे, त्याला गुणफलक लिहायला किंवा टाळ्या वाजवायला बसवू नका. पोटावर झोपून फळीवरून सरकता येतं, झोळीत झुलता येतं, कुणाच्या मांडीवर बसून डुलता येतं, उतारावरून खुर्ची सावरत नेता येते. त्याचाही कान, त्याचेही सांधे तीच खबर मागत असतात. काय जमेल ते त्याच्या फिजिओथेरपिस्टना विचारा आणि त्याच्या आईला विचारा, तिला सगळ्यात जास्त माहीत असतं.

येत्या जूनपासून काय करावं, तेही मांडते. सकाळच्या पहिल्या दीड तासात, मुलं ताजी असताना, एक तास हालचालीच्या खेळांना द्या आणि गॅदरिंग असो वा तपासणी, तो कुणालाही देऊ नका. छोट्या शिशुत लेखनाच्या वह्या लावू नका, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवू नका. त्याऐवजी त्याला पाऊण तास अंगणात सोडा आणि तुमच्या ताईला नुसतं पाहू द्या. मोकळ्या जागेतल्या गाड्या मुलं असतील तेवढे तास तरी बाहेर काढा. शिक्षिकांच्या प्रशिक्षणात एक दिवस असा ठेवा की त्या स्वतः लंगडी घालतील, कोलांटी मारतील, डोळे मिटून एका पायावर उभ्या राहतील. साडीचा दिवस नको, पंजाबी ड्रेसचा ठेवा. खेळणाऱ्या दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस असेल इतकी नेमणूक करा, आणि मदतनीस मावशींनाही प्रशिक्षणाला बसवा, कारण मुलाचा हात प्रत्यक्षात बरेचदा त्यांनीच धरलेला असतो.

फळ्यांचा खर्च एका डिजिटल फळ्याच्या मानाने नगण्य आहे. जवळच्या सुताराकडे मापं द्या, कडा गोल करून घ्या, रंग लावू नका म्हणजे पाय घसरणार नाही. कुणाला मांडणी पाहायची असेल, ताईंना पाठवायचं असेल, तर सुट्टी लागायच्या आत आमच्या वर्गात जरूर या. मुलं खेळत असताना आलात तर उत्तम. सकाळी साडेआठला सुरू होतं.

आपली,
बालवाडीतली एक शिक्षिका